चुंबकवाला भैरू

कळंबोलीच्या लोखंड बाजारात भैरूला तोंडावर शिव्या घालायचा हक्क दोघींनाच आहे. एक त्याची बायको मुक्ता, आणि दुसरी मी. मुक्ता असते साताऱ्याकडे गावी, सासूचं आणि शेताचं बघत, त्यामुळे तिच्या वाटणीच्या पण मलाच घालाव्या लागतात. मी चांगुणा. बाजाराच्या मागच्या गेटाला माझी चहाची टपरी, आणि टपरीला चिकटून भैरूचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय हो, वर पत्रे, खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन आणि मधे उकिडवा बसलेला भैरू. दिवसभर मला त्याची पाठच दिसते. काम जमत असलं की पाठ डुलते, नसलं की मान खाली जाते. तोंड बघायची गरजच पडत नाय.

हा इथं आला तेव्हा मेकॅनिक नव्हता. सळ्यांच्या मोळ्यांना क्रेनचा हूक लावायचा. वर क्रेनवर माझा नवरा, पोपट. ज्यानं हे काम बघितलं नाय त्याला सांगते, हूक लावणाऱ्याचा जीव क्रेनवाल्याच्या हातात असतो. वरच्याचा हात जरा चुकला की खालचा संपला. बाकीचे हूकवाले मोळी उचलली की वर बघत मागं सरकायचे. भैरू कधी वर बघायचाच नाय. हूक लावायचा, हात वर करायचा, आणि शांतपणे बाजूला जायचा. मी एकदा विचारलं, भीती नाय वाटत का रे तुला? तर म्हणाला, "वर पोपट हाय की." आमी महाडकडचे बौद्ध, हा साताऱ्याकडचा. त्याच्या गावचा एक जण एकदा टपरीवर आला आणि भैरू-पोपटला एका डब्यात जेवताना बघून त्यानं नाक मुरडलं. भैरूनं त्याला अर्धा चहा ठेवायला लावून हाकलला. मला त्या अर्ध्या चहाचंच वाईट वाटलं.

आता चुंबकाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय भैरू सांगताच येत नाय.

लोखंड बाजारात पंक्चर म्हणजे रोजचं दुखणं. रस्त्यावर कटिंगचे तुकडे, तारांचे बारीक काटे, वेल्डिंगच्या उरलेल्या काड्या. आणि गंमत अशी की पुढचं चाक वाचतं, पंक्चर होतं ते मागचं. आडवा पडलेला तुकडा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि मागचं त्याच्यावर जाऊन बसतं. पोपटकडे चौदा एप्रिलला लावायचा जुना स्पीकर होता, तो जळाला. भैरूनं तो फोडून त्यातला गोल चुंबक काढला, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, आणि पोपटच्या मोटरसायकलला पुढच्या चाकाच्या मागं लटकवला. संध्याकाळी बघतो तर चुंबकाला लोखंडाची दाढी आलेली. त्या दिवसापासून पोपटची गाडी पंक्चर झाली असेल तर शपथ. मग काय, बाजारभर बातमी. ज्याच्या त्याच्या गाडीला चुंबक. भैरू कोणाकडनं काय घ्यायचा पण नाय, जुन्या स्पीकरांच्या दुकानांतून गोळा करून आणायचा आणि बांधून द्यायचा. त्याच्यामुळेच तर त्याचं नाव झालं, गॅरेज झालं. तळोज्याहून, तुर्भ्याहून लोक यायचे, चुंबकवाला भैरू कुठे बसतो विचारत. हा मान खाली घालून हसायचा, पण पाठ बघा, काय डुलायची!

पोपट गेला तुर्भ्याला. पुढे ट्रेलर अचानक थांबला, रस्त्यावर कोणाचं तरी ऑइल सांडलेलं. यानं जीव खाऊन ब्रेक दाबला, चाक जाम झालं, गाडी आडवी होऊन घसरत ट्रेलरखाली गेली. पंक्चर नाय, दारू नाय, वेग नाय. नुसतं चाक जाम झालं म्हणून माझा नवरा गेला. सगळ्यात आधी पोचला तो भैरू.

म्हणून माझ्या पोरीनं, संघमित्रानं, आमी तिला मित्राच म्हणतो, मला गाडी घ्यायचीय असं म्हटलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. पण तिचं कामच तसं. वाशीच्या एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसं तिची वाट बघत असतात, आणि नमुने बर्फाच्या डब्यातून वेळेत पोचवायचे असतात. बसनं ते होत नाय. शेवटी मी एकच अट घातली. ज्या गाडीचं चाक जाम होत नाय ती घे. मग तिनं जुनी, पण एबीएसवाली मोटरसायकल शोधून आणली. तिनं मला समजावलं ते असं, की चाकाला एक दातेरी कडं असतं, त्याच्या शेजारी सेन्सर असतो, आणि तो चाक किती फिरतंय ते सारखं मोजत बसतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं तर एबीएस क्षणभर ब्रेक सोडतं, परत धरतं, सोडतं, धरतं. चाक फिरत राहतं, गाडी सरळ राहते. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या बाबांच्या गाडीला हे असतं तर? तिनं गाडीची चावी माझ्या हातात दिली. मग मी गाडीला हात लावून बघितला आणि बरी आहे म्हटलं.

भैरूनं त्याच संध्याकाळी तिला चुंबक बांधून दिला. गाडीला खाली मडगार्ड आखूड, म्हणून पट्टी बांधली पुढच्या चाकाच्या बाजूला, डिस्क असते तिकडं, फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, पायाशी. गाठ मारून दोनदा ओढून बघितली. मी दोघांना चहा दिला.

पावसाळाभर गाडी झकास चालली. दिवाळी सरली आणि भानगड सुरू झाली.

पहिल्यांदा झालं कामोठ्याच्या सिग्नलला. मित्रानं ब्रेक दाबला, तर हाताखाली ब्रेकची दांडी थरथरली आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकली. मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. बाजूला घेऊन गाडी बंद करून चालू केली, थोडं पुढे गेली, तर दिवा गायब. तिला वाटलं, असेल काहीतरी. दुसऱ्यांदा खारघरला, शाळेच्या व्हॅनच्या मागं. तिसऱ्यांदा तिनं मला सांगितलं नाय, पण कोपर सोलवटून घरी आली तेव्हा काय मी आंधळी होते? टेम्पोच्या मागच्या फळीला जाऊन टेकली होती. नशीब टेम्पो थांबलेला. त्या रात्री मी तिच्या कोपराला हळद लावली. बाप गेला तो चाक थांबलं म्हणून, आणि पोर जायची ती चाक थांबत नाय म्हणून. मी करू तरी काय?

आधी गाडी गेली सर्व्हिस सेंटरला. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, पुढच्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल मधेच बिघडतोय म्हणाले, सेन्सर नवा घातला. गाडी धुऊन दिली आणि काम करताना सोडलेला चुंबक एका पिशवीत घालून हातात दिला. भैरूला ते फार लागलं. यांना काय कळतंय पंक्चरचं, म्हणत गाडी टपरीसमोर उभी राहते न राहते तोच त्यानं चुंबक परत बांधला. दोन दिवसांनी ब्रेकनं परत दगा दिला, नवा सेन्सर असून.

मग भैरू बसला. सेन्सर काढून पुसला, कड्याचे दात एकेक करून बघितले, एकही वाकडा नाय. ब्रेकचं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. बॅटरी बदलून बघितली. चाकाची बेअरिंग हलवून बघितली. फोर्कपासून सीटखालपर्यंत वायर बोटांनी चाचपत गेला, कुठं सोललीय का, कुठं दबलीय का. गाडी स्टँडवर चढवून चाक हातानं फिरवायचा आणि मीटरची सुई बघायचा. सुई एकदम शहाणी. स्टँडवर गाडीला काय म्हणून आजार नाय. रस्त्यावर हळू ब्रेक मारला तरी नाय. जोरात मारला की कधी मधी, आणि तो पण पत्ता न लागू देता. चुंबकाची दाढी मात्र दर वेळी इमानदारीत पुसायचा, लोखंडाचा कीस सेन्सरवर उडत असेल म्हणून, आणि चुंबक परत जागच्या जागी.

त्याची मान खाली ती खालीच. मी दुपारचा चहा समोर ठेवायचे, संध्याकाळी साय धरलेला तसाच उचलायचे. शिव्या घालून घालून माझं तोंड दुखलं. म्हटलं, मेल्या, बाजाराच्या गाड्या डोळे झाकून दुरुस्त करतोस आणि माझ्याच पोरीच्या वेळी तुझे हात मोडले का? तो पाना फिरवत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

शनिवारी तो टपरीत आला आणि नजर चुकवत म्हणाला की एबीएसचा फ्यूज काढून टाकतो. मग साधा ब्रेक राहील, निदान ऐन वेळी सोडणार तरी नाय. मला खरं तर ते पटलं होतं. सोमवारपासून मित्राची ड्यूटी होती, सायन-पनवेल हायवेवरून, दोन्ही बाजूंना ट्रेलर. मी हो म्हणणार, एवढ्यात मित्रा मागनं बोलली, अगदी हळू.

"आई, बाबांचा साधाच ब्रेक होता."

भैरूनं हातातला पाना खाली ठेवला. मी गॅस बारीक केला, काय करायचं ते न सुचून. मग तो म्हणाला, उद्या रविवार, बाजार बंद, मागचा रस्ता मोकळा. जिथं बिघडते तिथंच बघितली पाहिजे, स्टँडवर हिचं सोंग कळायचं नाय.

रविवारी लोखंड बाजार म्हणजे वेगळंच गाव वाटतं. क्रेन गप्प, शटर खाली, नुसती कुत्री. भैरूनं रस्त्याच्या एका टोकाला फाटक्या टायरांची रास रचली, त्याच्या अलीकडे खडूनं रेघ मारली, आणि म्हणाला रेघेवर ब्रेक मारणार, टायरांच्या आधी थांबली पाहिजे. हेल्मेट घातलं. मित्रा म्हणाली गाडी माझी आहे, मी चालवते. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती मागं सरली.

पहिल्या फेरीला गाडी थांबली. दुसऱ्या फेरीला थांबली. मला वाटलं, झालं, आता हा म्हणणार काय आजार नाय आणि सोमवारी माझी पोरगी जाणार. तिसऱ्या फेरीला त्यानं वेग वाढवला. रेघेवर आला, पुढचा ब्रेक दाबला, गाडीचं नाक खाली गेलं, आणि मग ते नाक परत वर आलं. कोणी ब्रेक सोडला की येतं तसं. पण त्याची बोटं दांडीवर आवळलेली मला दिसत होती. गाडी रेघ ओलांडून तशीच पुढे. त्यानं टायर चुकवायला हँडल वळवलं, कडेच्या खडीत चाक गेलं, आणि माणूस एकीकडे नि गाडी दुसरीकडे.

मी धावले. काय काय ओरडले ते मला आठवत नाय. भैरू उठून बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात धरून. तोंड पांढरं. मित्रानं त्याची बोटं हलवून बघितली, मनगट दाबून बघितलं, आपली ओढणी गच्च बांधली आणि एक्स-रे काढायला आत्ताच्या आत्ता चला म्हणाली. तो म्हणाला, आधी गाडी बघ. त्याला म्हटलं, गाडी गेली खड्ड्यात. पण पोरीनं गाडी उचलली, चालू केली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत रस्त्याच्या त्या टोकाला पोचली पण.

ती आली तीच जोरात. मी डोळे मिटले. करकर असा आवाज आला, मी डोळे उघडले, तर गाडी रेघेच्या जराशी पुढे सरळ उभी. दिवा नाय, काय नाय. ती परत गेली, परत आली, आणखी जोरात. परत तिथंच थांबली. खडीवरून घेऊन बघितली, तरी सरळ. मित्रा हेल्मेट काढून हसायला लागली. म्हणाली, काका, तुमी पडून गाडी दुरुस्त केलीत. मी पण हसले असेन, सुटका झाल्यासारखं वाटलं म्हणून.

भैरू हसत नव्हता. तो गाडीकडे बघतच नव्हता. तो रस्त्याच्या कडेला बघत होता, खडीत. तिथं रबराची तुटलेली पट्टी पडली होती आणि तिच्या टोकाला चुंबक, दाढीसकट.

तो उठला, जाऊन चुंबक उचलून आणला, आणि चाकापाशी बसला. तुटकी पट्टी जिथं बांधलेली होती तिथं धरली आणि बोटानं चुंबक पुढे ढकलला. चुंबक झुलत जाऊन बरोबर सेन्सरच्या तोंडाशी, दातेरी कड्याला घासून आला. सोडला, तर परत मागं लटकला. परत ढकलला, परत तिथंच. मला समजायला जरा वेळ लागला. गाडी स्टँडवर उभी असली की चुंबक सरळ लटकतो, सेन्सरपासून लांब. हळू ब्रेक मारला तरी फार हलत नाय. पण जोरात मारला की गाडी थांबते आणि चुंबक पुढे जातो. सेन्सर बिचारा दात मोजत असतो, त्याच्या तोंडाशी एवढा मोठा चुंबक आला की त्याचा हिशेब बिघडतो. त्याला वाटतं चाक जाम झालं. आणि एबीएस ब्रेक सोडून देतं. ज्या क्षणाला पोरीला ब्रेक पाहिजे, नेमका त्याच क्षणाला.

"पट्टी नवीन होती तवा आखूड होती," भैरू म्हणाला. "ताणत ताणत लांब झाली. म्हणून पावसाळ्यात काय झालं न्हाई."

मी म्हटलं, सापडलं ना, मग ऊठ, दवाखान्यात चल. तो म्हणाला, नाय. मी पडलो तेव्हा वायर हलली असेल, सेन्सर हलला असेल, एखादी लूज पिन बसली असेल. चुंबकामुळंच होतंय हे बघायचं तर चुंबक परत बांधायचा आणि परत ब्रेक मारायचा. बिघाड परत आला पाहिजे. मग काढायचा आणि तो गेला पाहिजे. तेव्हाच नक्की. मी जी भडकले! आताच तो मरता मरता वाचला होता आणि परत तेच करायचं म्हणे. मित्रा पण म्हणाली, मी करते मग, तुमचा हात मोडलाय. "तू बसायचं न्हाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बांधलाय मी."

गॅरेजमधून नवी ट्यूब कापून आणली, जुन्या पट्टीएवढीच लांब. एका हातानं गाठ बसेना, म्हणून मित्रानं बांधली, ओठ आवळून. टायरांची रास मागं नेली आणि पुढे रिकामी पोती टाकली. तो ब्रेकची दांडी सुजलेल्या हाताच्या दोन बोटांत धरून निघाला. मी या वेळी डोळे मिटले नाय. बघितलंच पाहिजे असं वाटलं. पहिल्यांदा गाडी थांबली. दुसऱ्यांदा थांबली. आता मलाच ती थांबायला नको होती. तिसऱ्यांदा रेघेवर नाक खाली गेलं, परत वर आलं, पिवळा दिवा लागला आणि गाडी पोत्यांत जाऊन घुसली. तो पडला नाय. तयारीत होता.

खिशातून पकड काढून त्यानं पट्टी कापली. मग मित्रानं फेऱ्या मारल्या, किती ते मोजलं नाय, ऊन डोक्यावर येईपर्यंत. एकदाही ब्रेक सुटला नाय.

भैरू टायरांवर बसला होता, चुंबक मांडीवर. मी पाणी दिलं. माझा राग अजून तसाच होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, अरे, सगळं सगळं खोलून बघितलंस. वायर बघितली, कडं बघितलं, बॅटरी बघितली. हा चुंबक रोज हातात घेऊन पुसत होतास, आणि एकदा पण तुझ्या मनात आलं नाय? एक दिवस सोडून बघू असं? माझी पोरगी टेम्पोत जात होती आणि तू त्याची दाढी करत बसलास?

त्यानं पाणी तसंच धरून ठेवलं. मग चुंबक उलटा करून माझ्यासमोर धरला. मागं पांढऱ्या ऑइल पेंटचा एक ठिपका होता, घासून पिवळा पडलेला. पोपटनं आपल्या स्पीकरला ओळखीसाठी टाकलेला. बाजारातला पहिला चुंबक. पोपटची गाडी भंगारात गेली तेव्हा यानं काढून ठेवला होता, आणि मित्राची गाडी आली तेव्हा आम्हाला कोणाला न सांगता तोच बांधला होता.

"वैनी, मला वाटलं गाडीसंगं पोपट हाय," तो म्हणाला. "म्हणून तिकडं बघितलंच न्हाई."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. याला शिव्या घालायला म्हणून तोंड उघडलं, आणि रडायला लागले. भर रस्त्यात, उन्हात, एवढ्या वर्षांनी. मित्रानं गाडी बंद केली आणि येऊन माझ्या शेजारी बसली. तिलाही तो ठिपका दिसला. तिनं चुंबक उचलून कुर्त्याच्या टोकानं पुसला आणि माझ्या हातात दिला. मग आमी भैरूला कामोठ्याच्या दवाखान्यात नेला. हाड चिरलं होतं.

सोमवारी उजाडलं, बाजार उघडला, आणि भैरू गॅरेजमध्ये नव्हता. तो गेटावर उभा होता, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्यात पकड. येणाऱ्या प्रत्येक गाडीचं पुढचं चाक वाकून बघायचा. साध्या जुन्या गाड्या जाऊ द्यायचा. दातेरी कडं दिसलं की गाडी थांबवायचा, माणसाला सगळं समजावून सांगायचा, मी बांधलं, माझं चुकलं, असं म्हणायचा आणि पट्टी कापायचा. लोक हसले. एका ट्रेलरवाल्यानं विचारलं, काय चुंबकवाले, धंदा बदलला का? कोणी म्हणालं, काल बांधतो, आज कापतो, डोकं फिरलंय. एकानं तर शिवी दिली. भैरू मान खाली घालून कापत राहिला. ज्यानं शिवी दिली त्याचा चहा मी त्या दिवशी बंद केला, कारण तो हक्क त्याचा नाय.

मित्रा निघाली तेव्हा बर्फाचा डबा मागं बांधलेला, हेल्मेट घातलेलं. गाडी सुरू करते न करते, तर भैरू हातातली पकड खिशात टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. माझ्या गेटापासून बऱ्याच लांब, अगदी मध्यावर. म्हणाला, ये जोरात आणि माझ्यासमोर थांब. मित्रा नाय म्हणाली. मी टपरीतून ओरडले की काल पुरलं नाय का तुला. तो हलला नाय.

"टायरांना काय, गाडी लागली तरी चालतंय," तो म्हणाला. "माझ्या कामावर मी स्वतः उभा ऱ्हातो का न्हाई, ते बघू दे. मग जा."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. आई म्हणून मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण हीच गाडी घेऊन ती हायवेवर जाणार होती, आणि तिथं समोर भैरू असणार नव्हता, ट्रेलर असणार होते. मी मान हलवली.

ती मागं गेली, वळली. भैरूनं हात वर केला, मोळी उचल म्हणून क्रेनला करायचा तसाच. गाडी आली. मला पोपट आठवला, वर केबिनमध्ये बसलेला, आणि खाली हा, कधी वर न बघणारा. करकर आवाज झाला, पुढचं चाक दबलं, गाडी रस्त्याला धरून सरळ थांबली. तिच्या चाकात आणि त्याच्या पायात एक माणूस आडवा मावेल एवढी जागा होती.

या वेळी भैरूचे डोळे उघडे होते. पूर्ण वेळ तो त्या चाकाकडेच बघत होता.

मित्रा त्याला वळसा घालून वाशीला गेली. तो गेटावर परत आला आणि मी त्याला चहा दिला, तो त्यानं गरम असतानाच प्यायला. पोपटचा चुंबक आता माझ्या टपरीच्या लोखंडी खांबाला चिकटलेला असतो. त्याला मी चहाची सांडशी लावते.